टाकीची आखाजी

आक्काबाईंना स्वस्थ बसवत नाही, हे त्यांच्या सुनेला, मंजुषाला, लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. गावी, गिरणाऱ्याला असताना त्यांनी घरातला नवाकोरा मिक्सर आत काय आहे ते बघायचं म्हणून उघडला होता आणि पुन्हा जोडलाही होता. एक स्क्रू उरला, तो देव्हाऱ्यात जपून ठेवला. पुढे गुडघे कुरकुरू लागले, म्हैस विकावी लागली आणि लेकानं त्यांना शहरात, इंदिरानगरच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा मंजुषानं घरातल्या सगळ्या यंत्रांवरून काळजीची एक नजर फिरवून घेतली होती.

पण यंत्रांचं नशीब चांगलं. पहिल्याच आठवड्यात आक्काबाईंना पार्किंगच्या मागे गॅसची टाकी सापडली.

मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा घंटागाडीत द्यायचा नाही, आपल्याच आवारात जिरवायचा, असं महापालिकेनं सांगून ठेवलं होतं. मंजुषा सोसायटीची सेक्रेटरी. गच्चीवर सोलर बसवताना तिनं जेवढी भांडणं केली, त्याच्या दुप्पट करून ही टाकी आणली. एक मोठी काळी टाकी आणि तिच्यात उपडी घातलेली दुसरी. गॅस धरला की वरची टाकी उचलली जायची. एका बाजूनं कचरा आत, दुसऱ्या बाजूनं खताचं पाणी बाहेर, आणि वरून निघालेली नळी थेट वॉचमनच्या खोलीतल्या शेगडीला.

वॉचमन यादव इगतपुरीकडचा. गेटवर कॅमेरे लागल्यावर खरं तर सोसायटीला वॉचमनची गरज उरली नव्हती. टाकी आली, तिला रोज खायला घालणारा माणूस हवा, म्हणून यादव टिकला. त्याची बायको आणि दोन मुलं त्याच खोलीत राहायची, त्याच शेगडीवर त्यांचा स्वयंपाक व्हायचा. टाकी गेली तर खोली गेली, हे तो बोलून दाखवत नसे, पण विसरतही नसे.

"हिचे दात कुठं हायेत?" आक्काबाईंनी पहिल्या दिवशी त्याला विचारलं.

"दात नाय, आजी. आपणच बारीक करून द्यायचं."

"मग पचवतंय कोण?"

"जंतू. सुरुवातीला दहा बादल्या शेण घातलं व्हतं, त्यातले. गुराच्या पोटात असत्यात ना, तेच."

आक्काबाईंनी टाकीभोवती एक फेरी मारली. काळी, मोठ्या पोटाची, सकाळी एकदा खाणारी आणि दिवसभर आतल्या आत काहीतरी करत बसणारी.

"म्हंजी म्हसच की," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून सकाळी सातला आक्काबाई टाकीपाशी हजर. उन्हाळ्यात गॅस जास्त का? लिंबाची सालं का नको? एकच बादली का, दोन घातल्या तर? यादव कचरा बारीक करत करत सगळ्याची उत्तरं द्यायचा. बाकीचे रहिवासी तिथून नाकाला रुमाल लावून पाय उचलून जात. आक्काबाईंना मात्र त्या वासात गोठ्याची ओळख पटायची आणि बरं वाटायचं. हे त्या कोणाला सांगत नसत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोसायटीनं एकत्र जेवण ठेवलं. पुरणपोळी, आमरस, कुरडया. पंगत उठल्यावर पातेलंभर आमरस आणि परातभर पुरण उरलं. लोक जेवून सुस्तावले होते. कोणी म्हणालं फ्रीजमध्ये ठेवा, कोणी म्हणालं टाका. आक्काबाईंना पोळ्याची आठवण झाली. बैलाला पुरणपोळी दिल्याशिवाय त्यांच्या घरात कोणी घास उचलत नसे. आणि ही बिचारी रोज भाज्यांची देठं खाऊन चौसष्ट घरांची घाण निस्तरते, तिनं सणाच्या दिवशी काय घोडं मारलंय? त्यांनी टाकीला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि आमरस, पुरण, वर चार पोळ्या, सगळं तिच्या तोंडात घातलं. दुपारी त्या समाधानानं झोपल्या.

तिसऱ्या दिवशी शेगडीची आच पिवळी झाली. पाचव्या दिवशी विझली. गंमत म्हणजे वरची टाकी चांगली वर आली होती, गॅस धरत होता, पण काडी लावली तरी पेट घेत नव्हता. आंबूस वास थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. चेअरमन भारत गायधनींना टाकी आली त्या दिवसापासूनच नको होती. त्यांनी येत्या रविवारची मीटिंग लावली. विषय दोनच होते: टाकी काढणे आणि वॉचमन कमी करणे.

"यादव, काय घातलंस तू हिच्यात?" चेअरमनसोबत टाकीपाशी येऊन मंजुषानं विचारलं. आवाज चढला होता, कारण तिची दोन वर्षांची भांडणं पाण्यात चालली होती.

"माझंच काय तरी चुकलं आसंल, मॅडम," यादव म्हणाला.

आक्काबाई तिथेच उभ्या होत्या. वर आलेल्या त्या काळ्या टाकीकडे बघताना त्यांना एकदम गावातली एक गाय आठवली. लग्नाच्या मांडवामागे टाकलेलं गोडधोड खाऊन तिचं पोट असंच तट्ट फुगलं होतं. डॉक्टरनं सोडा पाजला, निरोगी जनावराच्या तोंडातला रवंथ काढून तिला चारला, दोन दिवस उपाशी ठेवलं, तेव्हा कुठे ती उठली. यादवनं काही केलं नव्हतं. त्यांनी केलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चेअरमन समोर होते, आणि सेक्रेटरीच्या सासूनंच टाकी बिघडवली म्हटल्यावर मंजुषाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. आक्काबाई गप्प राहिल्या. आयुष्यात असं फार कमी वेळा घडलं होतं.

त्यांनी यादवला टाकीचं खाणं बंद करायला लावलं आणि घरातला खायचा सोडा डब्यासकट नेऊन पाण्यात कालवून टाकीत ओतला. आता हवं होतं निरोगी जनावराचं ताजं शेण. गुरुवारी त्या सिटी बसनं गिरणाऱ्याला गेल्या.

म्हैस आता ती विकत घेणाऱ्या भागुबाईच्या दावणीला होती. विकल्यापासून आक्काबाई तिकडे फिरकल्या नव्हत्या, परक्याच्या दारात तिला बांधलेली बघवणार नाही म्हणून. म्हशीनं मान वळवली, त्यांचा पदर हुंगला आणि चघळायला सुरुवात केली. आक्काबाई रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी हातांनी बादली भरली आणि वर घट्ट फडकं बांधलं.

"यात काय, आजी?" परतताना कंडक्टरनं नाक आक्रसत विचारलं.

"औषध."

"कोणाचं?"

"म्हशीचं," आक्काबाई म्हणाल्या. तेवढं तरी खरं होतं.

पण औषध लागू पडायला दिवस लागतात, आणि रविवार काही थांबला नाही. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. यादव खांबाला टेकून उभा. त्याच्या बायकोनं खोलीतली भांडी पोत्यात भरायला घेतली होती, हे आक्काबाईंनी येताना पाहिलं होतं. चेअरमननी ठराव वाचला. कोणी काही बोलायच्या आत आक्काबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"त्याला काढू नका. हिला मी घातलं. आखाजीचा आमरस, पुरण, सगळं. म्हस समजून घातलं. गोड लय झालं की म्हस फुगती, हे माहीत असून घातलं. मायेनं अक्कल गेली माझी."

कोणी हसलं नाही. मंजुषानं मान खाली घातली. आक्काबाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "आता सोडा पाजलाय, शेण दिलंय. आठ दिस द्या. नाय उठली तर मग काय करायचं ते करा, पण ते माझं करा, त्याचं नाय."

चेअरमन यादवकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो साहेब. खिडकीतून दिसत व्हतं."

"मग अडवलं का नाहीस? नंतर तरी बोलायचं."

यादव खांबापासून पुढे आला. "दोन वर्षं मी हिचं करतोय, साहेब. सगळे नाक धरून जात्यात. हिच्यापुढं कुणी हात जोडलेलं कधी बघितलं नव्हतं. अडवायचं सुचलंच नाय. आन् नंतर सांगितलं असतं, तर आजींचं खाली येणं बंद झालं असतं."

मागच्या रांगेत कोणीतरी हातातला रुमाल खिशात घातला. चेअरमननी ठरावाचा कागद दोनदा उलटासुलटा केला आणि आठ दिवस दिले.

त्या रात्री मंजुषा आक्काबाईंशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खायच्या सोड्याची दोन नवी पाकिटं ओट्यावर आणून ठेवली आणि ऑफिसला निघून गेली.

शनिवारी सकाळी यादवनं शेगडीला काडी लावली. आधी नुसता फुसफुसाट झाला. मग एका बाजूनं निळी आच धरली, दुसऱ्या बाजूनं फिरत आली आणि पुरी झाली. त्याची बायको चहाचं आधण ठेवायला वळली. आक्काबाई दारात वाकून त्या आचेकडे बघत राहिल्या, आतल्या जंतूंना आता कसं वाटत असेल, याचा विचार करत.

मागून पावलं वाजली. मंजुषा होती. तिच्या हातात घरच्या ओल्या कचऱ्याची बादली होती, झाकण उघडं, आणि तिनं नाक धरलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "आज किती घालायचं हिला?"

"अर्धी," आक्काबाई म्हणाल्या. "आत्ताच आजारातून उठलीय."