गिझेलाबाईंनी खोडलेल्या उपमा

मित्रांनो, मी एका आत्मकथेची जुनी प्रत आहे. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहते. अंगभर पेन्सिलीच्या रेघा असल्यामुळे लोक मला ‘खराब प्रत’ म्हणतात. म्हणोत बापडे!

मला लिहिलं गिझेला वाइस यांनी. त्या ज्यू होत्या, म्हणून नाझींनी त्यांना पोरवयात कुटुंबासकट छळछावणीत डांबलं. त्या वाचल्या, इकडे आल्या आणि कितीतरी वर्षांनी सारं साध्या शब्दांत लिहून काढलं. संपादकांना ते फार कोरडं वाटलं. त्यांनी वाक्यावाक्याला उपमांची फोडणी दिली आणि बाईंना न विचारताच मला छापून टाकलं. मी कोरी करकरीत बाईंच्या घरी पोचले. वाटलं, आता बाई मला कुरवाळतील. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि एकेक उपमा खोडत गेल्या. मला भारी राग आला होता. मग त्यांनी मला ग्रंथालयाला देऊन टाकलं. रेघा कोणाच्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सुरुवातीला वाचक यायचे. पुढे नुसती धूळ यायला लागली.

गेल्या वर्षी नागपूरची आसावरी मला घरी घेऊन गेली. ती संगणकाच्या मदतीने भाषेचा अभ्यास करते. छळछावणीतून वाचलेली माणसं आठवणी लिहिताना कोणत्या उपमा वापरतात, हा तिचा विषय. पोरगी मोठी संस्कारी, पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी. माझी दशा पाहून ती कळवळली.

“लायब्ररीच्या बुकमध्ये असं कोण करतं यार!” ती खोलीतल्या मैत्रिणीला, प्रीताला म्हणाली. “आधी सगळं क्लीन करते, मगच स्कॅन करते.”

आणि तिने खोडरबर काढलं. मला ओरडता आलं असतं तर! इतक्या मायेने, इतक्या हलक्या हाताने ती बाईंचा नकार पुसत होती. आता संपादकांच्या उपमा बाईंच्या नावावर तिच्या प्रबंधात जाणार होत्या. बघता बघता पहिलं प्रकरण स्वच्छ झालं.

दुसऱ्यात तिचा हात थांबला. “प्रीता, बघ ना. फक्त उपमाच कट केल्यात. हे रँडम नाहीये.”

“ऑथरनेच केलं असेल तर?”

आसावरीने पहिलं पान उघडलं. तिथे ‘लेखिकेकडून भेट’ असा शिक्का होता. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

गिझेलाबाई हयात होत्या. नव्वदी ओलांडून गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात राहत होत्या. चौकशी करून, परवानगी काढून आसावरी मला घेऊन बसने तिथे गेली. दोघी इंग्रजीत बोलल्या. मी आपल्या भाषेत सांगते.

“माझं चुकलं. तुमच्या रेघा मी पुसल्या,” आसावरी म्हणाली. “आमच्याकडे पुस्तकात रेघ मारत नाहीत.”

“चांगली पद्धत आहे,” बाई हसल्या. “आता ते पुसलेलं प्रकरण वाच.”

“भूक लांडग्यासारखी मागे लागली होती.”

“लांडग्याचं पोट कधीतरी भरतं. खोड ते. माझा हात आता थरथरतो.”

आसावरीने आयुष्यात कधी पुस्तकावर पेन्सिल टेकवली नव्हती. तिने डोळे मिटून मनात माफी मागितली आणि रेघ मारली. मग एकेक वाक्य वाचत, खोडत ती पुढे गेली.

“इल्का बर्फात बाहुलीसारखी पडली होती.”

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“बाहुली नव्हती ती,” त्या म्हणाल्या. “माझी धाकटी बहीण होती.”

आसावरीने तो शब्दही खोडला. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पानावर पडलं, आणि इतक्या वर्षांनी मला बाईंचा राग समजला.

मित्रांनो, पुस्तकं जपा, पानं दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगितलंच असेल. माझं मागणं निराळं आहे. माझं ते पान कधी उघडलंत, तर एवढंच वाचा: इल्का बर्फात पडली होती. आणि मग थोडा वेळ गप्प बसा.