हाताळणीतली चूक

मंगळवारी सकाळी जानेवारीपासूनची सतरावी तारही अवेळी तुटली आणि हर्षलाने टेबलावर मूठ आपटली.

कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज होतं. तिथे ती तीन वर्षं पीएचडी करत होती, पोशीरहून रोज स्कूटरने येऊन-जाऊन. काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकी बारीक सिलिकॉनची तार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरायची, दोन्ही टोकं चिकटवायची आणि एक टोक हळूहळू ओढत न्यायचं, तार तुटेपर्यंत. तुटताना तिने किती ताण सोसला ते मोजायचं. सिलिकॉनची चकती हातातून पडली तर काचेसारखी फुटते. पण तोच सिलिकॉन इतका बारीक झाला की तडा सुरू व्हायला त्यात खोटच जवळपास उरत नाही, आणि तो चकतीच्या वीस-तीस पट ताण पेलतो. दहा गिगापास्कलपर्यंत. निदान जानेवारीपर्यंत तरी तिच्या तारा तेवढा पेलत होत्या.

जानेवारीत कुंपणापलीकडे बंगल्यांचे प्लॉट पाडायचं काम सुरू झालं. खडक फोडायला पोकलेनवर ब्रेकर चढवला होता. त्याचा ठोका पडला की जमीन हादरे, पडद्यावरची तार थरथरे आणि ओढता ओढता मधेच जाई. पाच गिगापास्कल, चार, एकदा तर तीन. हर्षलाने हे पहिल्याच आठवड्यात माधवी मॅडमना सांगितलं होतं. मॅडम तिच्या गाइड. "बघते," त्या म्हणाल्या होत्या. त्याला दोन महिने झाले.

त्या दुपारी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर प्रकल्पाचा अहवाल होता. पुढच्या महिन्यात निधी देणाऱ्या समितीपुढे तो जायचा होता.

"शेवटच्या पानावर सही कर."

हर्षलाने पान वाचलं. 'कमी आलेली मूल्ये संशोधक विद्यार्थिनीच्या हाताळणीतील चुकीमुळे आहेत.'

"मॅडम, माझ्या हाताने जानेवारीपर्यंत एकतीस तारा ओढल्या. तेव्हा चूक नव्हती?"

"हे बघ, असं होतं कधीकधी. नवीन माणसाच्या हातून..."

"मी नवीन नाही. तुम्हाला माहितीये ते ब्रेकरमुळे होतंय."

मॅडमनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते प्लॉट कुणाचे आहेत ठाऊक आहे ना? आपल्या ट्रस्टींचे. मी त्यांना जाऊन काम थांबवा म्हणू? उद्या ही लॅब राहील का?"

"मग माझं नाव खराब करायचं?"

"एक ओळ आहे गं ती. कोण वाचतंय?"

"मी वाचली," हर्षला म्हणाली आणि सही न करता उठली.

बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. तीन वर्षं डोळे फोडून कमावलेला हात, आणि तोच हात यांनी एका ओळीत वाया घालवला होता. राग मॅडमवर होता, ट्रस्टींवर होता, आणि थोडा स्वतःवरही. कारण तो ब्रेकर चालवणारा ओमकार तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. कॉलेजच्या ऑफिसात शब्द टाकून तिनेच त्याला तिथे चिकटवलं होतं.

ती तशीच कुंपणाच्या तुटक्या जाळीतून पलीकडे गेली. तिला बघून ओमकारने मशीन बंद केलं.

"काय झालं गं ताई?"

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मी सोडलं तर दुसरा कोनी बसंल हितं. काम थांबनार नाय."

"सोडू नको. फक्त मी मिस्ड कॉल दिला की दहा मिनिटं बंद ठेव. परत दिला की सुरू कर. चार दिवस."

"मुकादम विचारील."

"काय सांगशील?"

"सांगीन, तेल तापलंय." तो जरा हसला. "पण ताई, त्याला कळलं तर माझं काय खरं नाय."

"मी बघेन रं," ती म्हणाली. त्या क्षणी तिला ते खरंच वाटत होतं.

चार दिवसांत तिने दहा तारा ओढल्या. एक ब्रेकर बंद असताना, एक सुरू असताना, आलटूनपालटून. हात तोच, ताराही एकाच घाण्यात बनवलेल्या. बंद असतानाच्या पाचही तारा नऊ ते अकराच्या मधे तुटल्या. सुरू असतानाच्या पाचांपैकी चार तारा पाच गिगापास्कलच्या आतच तुटल्या. पाचवी मात्र नऊपर्यंत टिकली. ती लपवावी असा विचार तिच्या मनात आलाच नाही. दहाही ठिपके तिने आलेखावर मांडले आणि सोमवारी मॅडमपुढे ठेवले.

मॅडमनी आलेख बराच वेळ पाहिला. "छान केलंयस," त्या म्हणाल्या. मग कागद उलटा ठेवला. "पण हे अहवालात नाही टाकता येणार."

हर्षला लगेच उठली. तिथे थांबली असती तर ओरडली असती. ती जाग्यावर परत गेली, आलेखाखाली तारखा आणि वेळा लिहिल्या, 'माझ्या हाताळणीत चूक नाही' असं एका वाक्यात लिहून खाली सही केली आणि समितीच्या पत्त्यावर ईमेल करून टाकला. प्रत मॅडमना.

समितीने कॉलेजला खुलासा विचारला. कॉलेजात दोन दिवस दारं बंद करून बैठका झाल्या. तिसऱ्या दिवशी ठरलं की सकाळी नऊ ते एक ब्रेकर चालणार नाही. अहवालातली ती ओळ गेली. मॅडम तिच्याशी कामापुरतं बोलू लागल्या, आणि हर्षलाच्या तारा पुन्हा दहापर्यंत ताण पेलू लागल्या.

आणि ओमकारला काढून टाकलं. आलेख ट्रस्टींकडून मुकादमापर्यंत पोचला होता, आणि 'तेल तापलंय' म्हणून मशीन बंद असायचं त्याच या वेळा, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

हर्षला ऑफिसात गेली, मॅडमकडे गेली. मी सांगितलं म्हणून त्याने केलं, असं लिहून दिलं. ऑफिसातल्या माणसाने कागद घेतला आणि म्हणाला, तो कॉलेजचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, माझ्या हातात काय आहे.

महिन्याने मॅडमकडून शोधनिबंधाचा मसुदा आला. आभारांच्या ओळीत 'कंपनमुक्त जागा उपलब्ध करून दिल्याबद्दल' ट्रस्टींची नावं होती. हर्षलाने ती ओळ खोडली आणि तिथे ओमकारचं नाव लिहिलं. मॅडमचा फोन आला. "हे काय आहे?"

"त्याच्याशिवाय हे आकडे आले नसते. ते नाव राहणार, मॅडम. नाहीतर माझं काढा."

मॅडमनी फोन ठेवला. नाव राहिलं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने ओमकारला सांगितलं. तो आता खोपोलीच्या पुढे कुणाच्या तरी डंपरवर जात होता, पहाटे निघायचा. त्यांची आई इंदूबाई भाकरी वाढता वाढता थांबली.

"छापून येनार?" त्याने विचारलं.

"येणार. बाहेरच्या देशातही वाचतील."

"ते वाचून मला परत बसवनार हायत का मशीनवर?"

हर्षलाने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"मी बघेन म्हनाली हुतीस," तो ताटाकडे बघत म्हणाला. आवाज चढला नव्हता. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवू लागला. आईने तिच्याही ताटात भाकरी टाकली. हर्षलाने ती मोडली, पण घास काही उचलला नाही.