चोपन्न किलोचं बेवारशी पार्सल

रंगूबाईंची टाच बरी झाली.

असं काही झालेलं नाही. बरं व्हायला आधी दुखावं लागतं, आणि आमच्या गोदामात कोणाचंही काहीही दुखत नाही. तसा फॉर्म आहे. दर तीन महिन्यांनी ‘मला कोणताही शारीरिक त्रास नाही’ यावर आम्ही सगळे सह्या करतो. तेव्हा पहिलं वाक्य सोडून द्या. पुढचंही काही घडलेलं नाही. पण न घडलेलं असलं तरी ते क्रमाने सांगावं, अशी मला सवय लागली आहे. मी वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर असतो.

रंगूबाई दिघाशीच्या. वय एक्कावन्न. पॅकिंगच्या चार नंबर टेबलावर नऊ तास ड्युटी. टेबल आहे, खुर्ची नाही, खाली सिमेंट. सकाळी टेम्पो त्यांना भिवंडीला आणून गेटवर सोडतो आणि गेटवर मनोज उभा असतो. मनोज ठेकेदाराचा सुपरवायझर. तो माणसांचे चेहरे बघत नाही, पाय बघतो. जो लंगडत आत आला, त्याला दुसऱ्या दिवशी टेम्पोत जागा नसते. कोणी विचारलं तर म्हणतो, टेम्पो लहान आहे.

टाचेचं हे दुखणं मोठं खोडसाळ असतं. दिवसभर माणूस चालतो, पण बसून उठलं की पहिल्या वीस पावलांना टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. रंगूबाई पाऊण तास टेम्पोत बसून यायच्या आणि त्यांची पहिली वीस पावलं बरोबर मनोजच्या समोर पडायची.

गेटबाहेर एक उंबर आहे. रंगूबाईंनी त्याला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. रोज पाच. पहिल्या दोन प्रदक्षिणांना देवाचं नाव अगदी आतून निघायचं. पाचवीपर्यंत टाच सैल व्हायची आणि त्या ताठ चालीने गेटमधून आत यायच्या. मनोजला वाटलं, बाई भाविक आहे. आठवड्याभरात आणखी चौघी प्रदक्षिणा घालू लागल्या. पंधरवड्यात झाडाला दोरा गुंडाळला गेला आणि बुंध्याशी नारळ फुटला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. एवढी भक्ती, तीही फक्त सकाळी, आणि सगळी पॅकिंगवाल्यांचीच.

पण झाडाने टाच बरी होत नाही. म्हणून रंगूबाई एका रविवारी अंबाडीच्या नाक्यावर क्षितिजा मॅडमकडे गेल्या. मॅडम फिजिओथेरपीवाल्या. त्यांनी तळपाय दाबून बघितला आणि सांगितलं की टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो थकलाय, त्याला नुसता आराम देऊन भागणार नाही, ताकद द्यायला लागेल. टॉवेलची गुंडाळी करायची, पायरीच्या कडेवर ठेवायची, तिच्यावर बोटं चढवायची, टाच कडेबाहेर अधांतरी. मग एका पायावर तीन मोजेपर्यंत वर, दोन मोजेपर्यंत थांबायचं, तीन मोजेपर्यंत खाली. बारा वेळा. रोज नाही, एक दिवसाआड. जमायला लागलं की पाठीवर दप्तर घ्यायचं, दप्तरात पुस्तकं, आणि पुस्तकं हळूहळू वाढवायची. निदान तीन महिने.

घरी पायरी होती. पण तिच्यावर रंगूबाईंच्या सासूबाई, आक्का, बसतात. सकाळी बसतात आणि दिवे लागले की उठतात, आणि मधल्या वेळात कोणाचं काय दुखतंय ते अख्ख्या गावाला कळवतात. मनोजची आत्या तिसऱ्या घरात राहते.

राहिलं गोदाम. आणि गोदामात पायरी नाही. दीड लाख चौरस फूट जागा, एक पायरी नाही. ट्रॉल्या अडकू नयेत म्हणून सगळीकडे उतार. अख्ख्या इमारतीत जमिनीपासून वीतभर उंच अशी एकच गोष्ट आहे: माझा वजनकाटा.

काट्याचं तुम्हाला सांगायला हवं. पार्सल प्लॅटफॉर्मवर ठेवलं, आकडा दोन सेकंद स्थिर राहिला, की कॉम्प्युटर आपोआप एंट्री घेतो. कोणी बटण दाबायची गरज नाही. ही सोय माणसाचा वेळ वाचवायला केली आहे. तो वेळ मी जेवणाच्या सुट्टीत वडापावच्या गाडीवर घालवतो.

एका सोमवारी परत आलो तर बारा पार्सलं जमा झालेली. प्रत्येकी चोपन्न किलो. पत्ता नाही, बिल नाही, माल नाही. मंगळवारी काही नाही. बुधवारी पुन्हा बारा.

माल कमी भरला तर ती चोरी असते, तिचा एक फॉर्म आहे. माल जास्त भरला तर काय असतं, हे कोणालाच माहीत नाही. मी केसरीनाथदादांकडे गेलो.

केसरीनाथदादा आमच्या सिक्युरिटीचे मुख्य. हे गोदाम त्यांच्याच वडिलांच्या भातशेतीवर उभं आहे, त्यामुळे दादा इथे नोकरी करत नाहीत, राखण करतात. बांध कोण कोरतो आणि पाणी कोण वळवतो, हे बघण्यात त्यांचं बालपण गेलं. त्यांनी आकडे बघितले, डोळे बारीक केले आणि मला बाजूला घेऊन समजावलं की नेणारा चोर साधा असतो. आणून ठेवणारा चोर म्हणजे त्याचा पुढे काहीतरी बेत आहे.

कॅमेरा बघितला. काट्यासमोर खोक्यांची थप्पी होती, तिच्या वरून फक्त एक निळी टोपी दिसली. पॅकिंगला सगळ्यांना तीच टोपी असते. टोपी सावकाश वर आली, थांबली, सावकाश खाली गेली. पुन्हा वर आली. दादांनी बारा वेळा मोजलं.

“इशारा देतोय कोणाला तरी,” ते म्हणाले.

शिवाय काट्याजवळ एक गुंडाळलेला टॉवेल सापडला. दादांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद केला. एक दिवसाआड नवा टॉवेल सापडू लागला. सात टॉवेल जमले तेव्हा त्यांनी कपाट मागवलं. आणि चौथ्या आठवड्यात आकडा हलला: छप्पन्न. मग एकोणसाठ. मग एकसष्ट. दादा रात्री जेवेनासे झाले. चोर वाढत होता.

या सगळ्यात लॉगिन माझं होतं, म्हणून एका शुक्रवारी मी वडापाव सोडून थप्पीमागे दबा धरून बसलो. रंगूबाई आल्या. पाठीवर दप्तर. टॉवेल ठेवला, काट्यावर चढल्या, एका बोटाने भिंत धरली आणि सावकाश वर गेल्या. त्यांचा चेहरा काट्यासारखाच होता, आकडा स्थिर होईपर्यंत काही सांगत नव्हता.

मला बघितल्यावर त्या उतरल्या नाहीत. आठ झाले होते, चार बाकी होते. ते पूर्ण केले, मग बोलल्या.

“विपुल, तुला सगलं सांगते. पन मनोजला कललं तं माजी टेम्पोतली जागा गेली. मंग मी खराच देव धरीन, दुसरा काय हाय?”

मी दप्तर उघडून बघितलं. माझा विश्वास बसला नव्हता, आणि बसायला नकोच होता. आत इतिहास, भूगोल, विज्ञान दोन्ही भाग आणि तीन गाईडं. पुस्तकं त्यांच्या मेघालीची, दहावीची. एक दिवसाआड तिला अभ्यासाला सुट्टी असायची. रंगूबाई म्हणाल्या, पोरगीची काही तक्रार न्हाय.

मी गप्प बसायचं ठरवलं. पण दादा गप्प बसणारे नव्हते. सोमवारी त्यांनी हुकूम काढला: ओळखपरेड. पॅकिंगच्या सगळ्यांनी निळी टोपी घालून एकेक करून काट्यावर चढायचं आणि व्हिडिओतल्यासारखं वर जायचं, थांबायचं, खाली यायचं. टोपी जुळली की चोर सापडला. एका वेळेने खात्री पटणार नाही, म्हणून बारा वेळा. पुरावा म्हणून पायाखाली सीलबंद टॉवेल. आणि चोर एक दिवसाआड येतो, म्हणून परेडही एक दिवसाआड.

मी ते टाइप केलं. टाइप करताना हसू नये म्हणून मी गेल्या वर्षीचा पगार आठवत होतो.

रंगूबाई रांगेत सातव्या होत्या. काट्यावर चढल्या आणि आकडा आला: चोपन्न. पहिल्या दिवशीच्या पार्सलाचा नेमका आकडा. मनोज शेजारीच उभा होता, नजर नेहमीसारखी पायांवर. रंगूबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. बारा वेळा गेल्या, अगदी सुरेख, तीन-दोन-तीन. मी स्क्रीनवर हात ठेवला.

“किती?” दादांनी विचारलं.

“चोपन्न.”

दादा विचारात पडले. मग त्यांनी हात झटकला.

“न्हाय. चोर आता एकसष्ट हाय. ही बाय तं कवाच मागं पडली.”

रंगूबाई खाली उतरल्या. दप्तर त्या दिवशी घरी होतं आणि मेघाली भूगोल वाचत होती.

एकसष्टचा कोणी निघेना. शेवटी दादांची नजर फिरत फिरत मनोजवर आली. मनोज म्हणाला, तो सुपरवायझर आहे, चौकशी बाकीच्यांची आहे. दादांनी सांगितलं की या जमिनीवर त्यांनी सख्ख्या चुलत्यालाही तपासलाय. मनोज चढला. आकडा आला: एकसष्ट.

दादांनी त्याला टोपी घातली. मनोजने टॉवेलवर बोटं ठेवली, टाच खाली सोडली, वर जायला लागला आणि दुसऱ्याच वेळी भिंतीला मिठी मारली. घाम फुटला होता. खाली उतरला तो लंगडत. तीन पावलं, सगळ्यांच्या देखत. दिवसभर गेटवर उभं राहून दुसऱ्यांचे पाय बघणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या टाचेकडे बघायला कोणी ठेवलेलं नव्हतं.

“दुखतं काय रं?” दादांनी विचारलं.

“न्हाय,” मनोज म्हणाला. फॉर्मवर त्याचीही सही होती.

रंगूबाई रांगेतून पुढे आल्या. मला वाटलं आता त्या सूड घेणार. त्यांनी वाकून टॉवेलची गुंडाळी घट्ट केली.

“सावकास जा, बाबा. मनात तीन मोज. आनि भिंत एकाच बोटान धर.”

दादांनी निर्णय दिला: ज्याला दोनदाही जाता येत नाही तो बारा वेळा जाणारा चोर असू शकत नाही, पण वजन जुळतंय, म्हणून बारा वेळा जमेपर्यंत संशयित मनोजला एक दिवसाआड हजर करावं.

त्यानंतर मनोज गेटवर चेहरे बघू लागला. आम्हाला ते जास्त अवघड गेलं. तपास पुढे सरकला तसं वजन एकसष्टपर्यंत आणायला प्रत्येकाच्या पाठीवर एकेक खोका आला. उंबराभोवतीची गर्दी ओसरली आणि नारळवाला मला दोनदा विचारून गेला की देवाचं काही बिनसलंय का. सुट्टीतली पार्सलं थांबली होती. पण एकदा सकाळी लवकर एक अठ्ठ्याहत्तर किलोचं आलं. मी वर बघितलं तर केसरीनाथदादा काट्यावर, टोपी न घालता, हवेत. “ही येंट्री खोड,” ते म्हणाले. मी खोडली. अशी चौदा खोडली.

तीन महिने झाले. रंगूबाई टेम्पोतून उतरून सरळ आत येतात. क्षितिजा मॅडम म्हणाल्या, सोडू नका, चालू ठेवा, नाहीतर परत येईल.

आणि आता हेड ऑफिसचं पत्र आलंय. काहीच चोरीला गेलेलं नाही, म्हणून चौकशी बंद करा. काटाही जुना झालाय, नवा येतोय, जमिनीत बसवलेला, सपाट. पत्र वाचून रंगूबाई जेवणाच्या सुट्टीत उंबराकडे जाऊन उभ्या राहिल्या, जुनी जागा अजून ओळखते का ते बघायला. दादांनी मला बसवलं आणि अर्ज सांगितला. मी शब्द बदललेला नाही.

‘महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चोपन्न ते एकसष्ट किलो वजनाचा अज्ञात इसम अद्याप मिळून आलेला नाही. संशयित मनोज हा नऊ वेळांपर्यंत पोहोचला असून तीन वेळा बाकी आहेत. पॅकिंगमधील संशयित चंद्रा हिचा सहावा आठवडा चालू आहे. आमच्या गोदामात कोणाचेही काहीही दुखत नाही. सबब विनंती की, सदर चौकशी चोर सापडेपर्यंत, व चोर सापडल्यास त्यानंतरही, एक दिवसाआड चालू ठेवण्यास मंजुरी द्यावी. जुना काटा पुराव्यादाखल जागेवरच कायम ठेवावा. आणि ते शक्य नसल्यास, दीड लाख चौरस फुटांत कोठेही, कशाकडेही न जाणारी, वीतभर उंचीची एक पायरी बांधून मिळावी.’