सहकर्जदाराशी नाते

मी कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, मी प्लास्टर ओतते, मेण चढवते, दात बसवते. बावीस वर्षं झाली. लोक माझ्या जिवावर चावतात आणि मला ओळखतही नाहीत, हे एका परीने बरंच आहे.

गेल्या महिन्यात मालक म्हणाले, हात थरथरतात आता, लॅब तूच घे. किंमत त्यांनी माझ्याकडे बघून कमी सांगितली. निम्मे पैसे मी साठवले होते, निम्मे बँकेकडून घ्यायचे होते. महिनाअखेरपर्यंत थांबतो, म्हणाले. नंतर त्यांचा भाचा घेणार होता, आणि त्याला दाढ कुठली अन् सुळा कुठला हेही कळत नाही.

बँकेने अर्ज फेटाळला. कर्जविभागातल्या माणसाने पडदा माझ्याकडे वळवला. घराच्या कर्जाचे तीन हप्ते थकले होते. मी म्हटलं, ते घर माझं नाही. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, घरावर मी पाणी सोडलं, हप्ते नवऱ्याने भरायचे असं कोर्टाच्या कागदात लिहिलंय. कागद मी सोबतच नेला होता. त्याने तो शेवटपर्यंत वाचला, हे विशेष.

"घरावरचं तुमचं नाव गेलंय, कर्जावरचं नाही," तो म्हणाला. "हा कागद तुम्हा दोघांमधला आहे. आमच्याकडे दोघांच्या सह्या आहेत. त्यांनी नाही भरलं तर सगळं तुम्ही भरायचं."

पडद्यावर एक रकाना होता, सहकर्जदाराचे कर्जदाराशी नाते. पुढे लिहिलं होतं, पत्नी. मी म्हटलं, एवढं तरी बदला. कर्ज फिटल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, असं तो म्हणाला. म्हणजे कोर्टात मोडलेला संसार बँकेत आणखी अकरा वर्षं सुखाने चालणार होता. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. सुटायचे मार्ग त्याने दोनच सांगितले. थकलेलं भरून माझ्या जागी दुसरा सहकर्जदार आणायचा, नाहीतर घर विकायचं.

मी त्या घरी गेले. दार नवऱ्यानेच उघडलं, भर दुपारी, घरच्या कपड्यांत. तो कामाला होता तो कारखाना बंद पडून चार महिने झाले होते आणि त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आत सासूबाई होत्या. माजी मंत्री असतो, माजी कर्णधार असतो, पण माजी सासूला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही, म्हणून मी आईच म्हणते. त्यांची कवळी मीच केलेली. डावीकडे टोचते, म्हणाल्या. मी बोट घालून पाहिलं आणि घासून देते म्हटलं.

स्वयंपाकघरात मी त्याला सरळ सांगितलं, तुझ्या भावाला माझ्या जागी घे, नाहीतर घर विक. भावाने आधीच हात वर केले होते.

"विकूनही कर्ज पुरतं फिटत नाही," तो म्हणाला. "मी चौकशी केली. उरलेलं परत आपल्या दोघांच्याच डोक्यावर. आणि आईला कुठे नेऊ?"

तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने चहा ठेवला. साखर किती, हे त्याला विचारावं लागलं नाही, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं.

चौथा हप्ता चुकला की बँक घर ताब्यात घेऊन विकणार होती आणि तूट माझ्या पगारातून कापणार होती, कारण पगार आता माझ्या एकटीलाच होता. आईंसाठी भरले असं म्हणायला छान वाटतं. खरं म्हणजे मी घाबरले. लॅबसाठी साठवलेल्या पैशांतून तिन्ही हप्ते भरून टाकले, पुढचेही त्यातूनच जाणार हे माहीत असून. मग मालकांना सांगितलं, मला जमणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भाचा टेप घेऊन खोली मोजत होता, आणि मी खाली मान घालून कुणाच्या तरी समोरच्या दातांना पॉलिश करत होते.

संध्याकाळी नवऱ्याचा मेसेज आला. "भरलेले दिसले. पुढचा पाच तारखेला आहे."

लग्नात असताना दूध संपलं की तो असंच कळवायचा. मी "बरं" असं लिहून पाठवलं.