सरदारच्या दोन रेघा

मित्रांनो, मी काचेची एक जुनी सिरिंज. काचेची नळी, काचेचाच दट्ट्या आणि अंगावर आकड्यांच्या बारीक रेघा, एवढंच माझं रूप. कोल्हापूरला मंगळवार पेठेत मी आले ती अण्णांसाठी. त्यांना मधुमेह होता. सहा वर्षं मी त्यांना इन्सुलिन दिलं. ते गेले आणि मी कपाटात पडले.

१९७९ साली त्यांच्या मुलीने, कालिंदीबाईंनी, मला पुन्हा बाहेर काढलं. बाई शाळेत शिकवत, एकट्याच राहत. त्यांचा बोका सरदार सारखा पाणी पिई आणि तरी वाळत चालला होता. गुरांच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला.

"मांजराला कसला आलाय मधुमेह?" शेजारच्या बाळाबाई हसल्या. "लाड म्हणायचं की काय हे!"

बाईंचा नेम मात्र ठरलेला. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मला पातेल्यात उकळायचं, सरदारला जेवू घालायचं, मग दोन रेघांपर्यंत औषध भरून टोचायचं. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलेली असे. बाई लग्नाकार्याला गेल्या तरी पंगत उठायच्या आत एसटी गाठत.

१९८१ च्या जनगणनेत बाईंना घरोघर फिरायचं काम लागलं. संध्याकाळी उशीर होऊ लागला. तेव्हा शेजारचे केरबाकाका पुढे आले. ते गुरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर.

"बाई, म्हशीस्नी टोचण्यात हयात गेली माझी. ह्यो एवढासा बोका काय अवघड हाय?"

"टोचणं अवघड नाही, काका. आधी जेवलाय का ते बघा. जेवला नसेल तर थांबा, उपाशीपोटी टोचलं तर रक्तातली साखर एकदम उतरते."

"व्हय की, ठावं हाय मला."

चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी सरदारने भाकरी-दुधाला तोंड लावलं नाही. काकांनी ताटलीकडे पाहिलंच नाही. माझ्यात दोन रेघा भरल्या आणि टोचून निघून गेले. मला सगळं दिसत होतं. पण सिरिंजेला बोलता येत नाही.

बाई आल्या तेव्हा सरदार जमिनीवर पडून थरथरत होता. ताटली भरलेली होती. बाईंनी गूळ पाण्यात कालवला, बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळला, पुन्हा चोळला. बाईंची हाक ऐकून काका धावत आले आणि दारातच थबकले. बऱ्याच वेळाने सरदारने जीभ बाहेर काढून बाईंचं बोट चाटलं.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "सुईच बघितली. जनावर बघितलंच न्हाय."

बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्यांनी मला काकांच्याच हातात दिलं. त्या संध्याकाळी काका सरदारसमोर मांडी घालून बसले आणि ताटली रिकामी होईपर्यंत हलले नाहीत.

सरदार आणखी तीन वर्षं जगला. आता प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या आहेत, मला कुणी उकळत नाही. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, आजारी माणूस असो की मांजर, औषध देणारे हात कुठेही मिळतात. "जेवलास का?" असं विचारून उत्तरासाठी थांबणारं कुणीतरी घरात असू द्या.