उत्तरेकडची भिंत

डोंगराच्या कुशीतलं हेस्टर ऑल्डरसनचं दगडी घर चारशे वर्षांचं. एवढ्या वर्षांत त्याला ओल म्हणून माहीत नव्हती, पण गेले तीन हिवाळे उत्तरेची भिंत आतून नुसती घामेजत होती! ओलीपासून दूर सरकवता सरकवता हेस्टरचा पलंग खोलीच्या मधोमध आला होता. पलंग दोघांचा, झोपणारी एकटी.

ऑगस्टमध्ये डायना मेटकाफ आली. खोऱ्यात जुन्या पद्धतीचं, चुन्यातलं काम करणारी ही एकच गवंडीण. तिने हातोडीने दगडांमधल्या सांध्यांवर टकटक केलं.

"हे सिमेंट कुणी भरलं?"

"माझ्या एडगरने. अख्खा उन्हाळा शिडीवर होता."

"हात सुबक होता हं, मिसेस ऑल्डरसन. पण घराला रेनकोट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावलीत त्यांनी! पाऊस आत शिरणारच. पूर्वी तो चुन्यातून वाऱ्यावर सुकून जायचा. आता बिचारा जाणार कुठे? तुमच्या उशाशी!"

"गेलेल्या माणसाला नावं ठेवतेस?"

"माझ्या बाबांनीही हेच केलंय! तेव्हा खोऱ्यातला जो तो सिमेंटची पोती घेऊन घराचं भलं करायला निघाला होता." मग तिचा आवाज खाली आला. "भिंतीने पोट काढलंय. आत पाणी गोठलं की ढासळेल. सगळं खरवडायला हवं. नाहीतर बहिणीकडे राहायला जायची तयारी ठेवा."

हेस्टरने भिंतीवर हात ठेवला. एडगर फोटोला उभा राहणाऱ्यातला नव्हताच. पण प्रत्येक सांध्यातल्या ओल्या सिमेंटवर त्याने अंगठा ओढला होता. हेस्टर रोज सकाळी त्या खाचांवरून बोट फिरवत जायची. दिवसभरात तिचं तेवढंच काय ते कुणाशी बोलणं व्हायचं.

"हातभर तरी राहू दे ना गं."

"राहू देईन. पण पाणी तिथेच साठेल."

डायना मोटारीत सँडविच खायला गेली. परत येऊन बघते तर काय, हेस्टर गवतात गुडघे टेकून छिन्नी चालवतेय!

"अहो, हात भरून येतील!"

"येऊ देत. हे दुसऱ्या कुणी काढायचं नाही. वरचं तू घे, माझा हात पोचतो तिथवर मी."

एडगरचा उन्हाळा आठ दिवसांत उतरला. उघडे पडलेले दगड दात नसलेल्या तोंडासारखे दिसत होते, आणि हेस्टरला तिकडे बघवत नव्हतं. डायनाने चुना भरला, वर ओलं गोणपाट लटकवलं.

"हा घाईत सुकला की तडकतो. महिनाभर रोज पाणी शिंपडावं लागेल. कोण करणार?"

"कोण म्हणजे? इथे रांग लागलीय का माणसांची?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती झारी घेऊन बाहेर आली. गोणपाट एका कोपऱ्यात सुकलं होतं. तिने तिथे आधी पाणी घातलं, आणि कडा उचलून आत बघत म्हणाली, "बरं वाटतंय ना रे?"

गोणपाटातून पाणी टपटपत राहिलं.