सात नंबरच्या खाटेचा माणूस

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. डोक्याकडच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाने काढलेला सात आकडा होता, तो आता नीट वाचताही येत नाही. माझी जात लोखंडाची. आम्हाला रडू येत नाही, गंज तेवढा चढतो. तेव्हा माझं बोलणं कोरडं वाटलं तर राग मानू नका.

भिंगारच्या एका लोहाराने मला पलटणीसाठी घडवलं. तरुणपणी मी बराकीत होते. तिथली शिस्त कडक. पहाटे उठायचं आणि अंथरूण चौकोनी घडी करून उशाशी ठेवायचं. रात्रीच्या फेरीत घडी मोडलेली दिसली तर माणूस झोपला, घडी जशीच्या तशी तर खाट रिकामी. एवढा साधा नियम. बारा वर्षं मी त्यावर जगले.

मग पायाची एक कडी वाकली आणि मला बराकीतून काढलं. भंगारात जायची, पण नशीब बलवत्तर. नगरमध्ये माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी विश्रामगृह निघालं होतं, तिथे माझी वर्णी लागली. कुणी कागदपत्रांसाठी येई, कुणी दवाखान्यासाठी, कुणाला घरातून बाहेर काढलेलं असे. सात दिवस राहायचं, मग जागा मोकळी करायची. मी माणसं वजनावरून ओळखते. पाय गेलेल्या जवानाचं वजन एकीकडे झुकतं. नुकती बातमी कळलेली बाई आधी कडेवर टेकते, मग बऱ्याच वेळाने आडवी होते.

तिथला सगळा कारभार शांतवन हवालदाराकडे होता. रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, पण मिशीचा पीळ आणि बुटांची चमक तशीच. रोज सकाळी, लोक अंथरुणं आवरायच्या आत, काखेत वही घेऊन तो खोलीतून फिरे आणि प्रत्येक खाटेपुढे 'भरलेली' किंवा 'रिकामी' लिही. माझी नवार थोपटून म्हणे, "सात नंबर म्हंजे पलंग हाय पलंग! कुरकुर म्हनून न्हाई." मला बरं वाटे. कौतुक कुणाला नको असतं?

बहात्तर साल उजाडलं ते कोरडंच. दिवाळी होऊन गेली आणि एका दुपारी पारनेरकडची राहीबाई आली. हातात गाठोडं, खांद्यावर घोंगडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा नायक गहिनीनाथ आदल्या वर्षीच्या लढाईत बेपत्ता झाला होता. तशी तार आली होती. वर्षभर वाट पाहून सासऱ्याने दर्भाचा पुतळा करून दिवस घालायचं ठरवलं. राहीबाईने बांगड्या फोडू दिल्या नाहीत, म्हणून तिला घर सोडावं लागलं.

"किती दिवस राहायचं?" शांतवनाने विचारलं.

"पाकिस्तानातले कैदी सुटायचेत म्हनत्यात. त्यांची यादी यीपर्यंत."

"सातच दिवस मिळत्यात, ताई."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, आर्जव नव्हतं. काहीच नव्हतं.

तिने माझ्यावर चादर अंथरली, घोंगडी घडी करून उशाशी ठेवली, गाठोड्यातला धुतलेला सदरा काढून घडीवर ठेवला आणि स्वतः खाली फरशीवर पदर पसरून झोपली. मला वाटलं, दमली असेल, उद्या वर येईल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. उजाडायच्या आत ती उठे, सदरा गाठोड्यात घाली आणि गाठोडं घेऊन शहरातल्या सैनिक कचेरीच्या पायरीवर जाऊन बसे. यादी आली का, विचारी. नाही म्हटलं की तिथेच बसून राही.

इकडे सकाळी शांतवन येई, माझ्यावरची न मोडलेली घडी बघे आणि लिही, 'सात, रिकामी.' मी काय बोलणार? माझ्या अंगावर खरंच कुणी झोपलेलं नसे.

पाचव्या दिवशी त्याला वाटलं, बाई भिंगारला कुणा नातेवाइकाकडे गेलेली दिसते. तेवढ्यात राजूरकडचा सहादेव आला. लढाईत त्याचा डावा पाय गेला होता, लाकडी पायाच्या मापासाठी त्याला बोलावलं होतं. शांतवनाने त्याला सरळ माझ्यावर बसवलं. घोंगडीची घडी उचलून कोपऱ्यात टाकली.

संध्याकाळी राहीबाई परतली. माझ्यावर परका माणूस आडवा झालेला तिने पाहिला. ती ओरडली नाही. तिने कोपऱ्यातली घोंगडी उचलली, झटकली, आणि दारातच मटकन खाली बसली. कपाळाचं कुंकू ती बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपत होती, ते आहे की गेलं बघत असल्यासारखी.

शांतवन गोंधळला. "आवं ताई, तुमी तर खाटंवर निजलाच न्हाई! घडी तशीच. मला वाटलं, गेल्या."

"म्या कशाला निजू? ती त्यांची जागा हाय," ती म्हणाली. "घरची जागा सासऱ्यानं मोडली. म्हनलं, हितं तरी ऱ्हाईल."

मित्रांनो, त्या वेळी शांतवनाची मान खाली गेली. आयुष्यभर घड्या मोजलेला माणूस, पण ही घडी त्याला वाचता आली नव्हती.

सहादेव मात्र कुबडी शोधत होता. "मला उठू द्या, हवालदार. नायकसायबाची खाट हाय," तो म्हणाला. त्याला दुसरी खाट मिळेपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला, एका पायावर.

शांतवनाने वही उघडली. 'रिकामी' हा शब्द चार ठिकाणी खोडला आणि लिहिलं, 'सात. नायक गहिनीनाथ. बाहेर गेलेत.'

त्यानंतर तो रोज तसंच लिहू लागला. सात दिवस संपले, चौदा संपले. वरचे साहेब विचारत, हा कोण, कुठे असतो? शांतवन टाच आपटून सांगे, "बाहेर गेलाय, सर. यील." खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, कान लाल होत. राहीबाई रोज सदरा ठेवी. माझ्यावर वजन असे ते तेवढ्या सदऱ्याचं. पण मी भरलेली होते.

डिसेंबरात यादी आली. राहीबाईने ती कारकुनाकडून तीनदा वाचून घेतली. गहिनीनाथ नावाचं त्यात कुणी नव्हतं. सीमेवर सुटलेले सगळे मोजून झाले होते, आता आणखी कुणी यायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती खोलीत आली. लाकडी पाय बसवायला पुन्हा आलेल्या सहादेवाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने घेतला नाही. ती आधी माझ्या कडेवर टेकली. बऱ्याच वेळाने तिने घोंगडीची घडी मोडली, सदरा पोटाशी धरला आणि माझ्यावर आडवी झाली. पहिल्यांदाच. तिचं वजन फार कमी होतं. माझी नवार हललीसुद्धा नाही.

सकाळी शांतवन वही घेऊन आला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. पेन वर धरलेलं, पण हात काही खाली येईना.

राहीबाई चादरीची चौकोनी घडी करत होती. वर न बघता म्हणाली, "दादा, आता माझं नाव लिवा."

पुढे ती तिथेच स्वयंपाकाला राहिली. शांतवन गेला, पुढे तीही थकून गेली. नवीन पलंग आले आणि मी माळवदावर पडले. नवार कुजली, पायांच्या बेचक्यात चिमण्या घरटं करतात. मला पुन्हा रंग लावा, असं मी म्हणत नाही. एवढंच मागते, मित्रांनो. कुणाच्या घरी न मोडलेलं अंथरूण दिसलं, तर ते उचलायच्या आधी एकदा विचारा. कुणीतरी बाहेर गेलेलं असतं.